सतरा तास, अडतीस सेकंद

मे २०१९. पहाटेचे चार वाजून दहा मिनिटं झालीत. लिफ्टचं लोखंडी दार ओढलं की अख्खी विंग जागी होते, म्हणून तू सायकल खांद्यावर घेऊन तीन मजले जिन्याने उतरतेस. अनवाणी. बुटांच्या तळाला पेडलमध्ये अडकणारी क्लीट आहे, ती लादीवर टकटक वाजते. खाली वॉचमन खुर्चीतच पेंगतोय. तो आता काही विचारत नाही, नुसती गेटची कडी काढतो. पहिल्या आठवड्यात मात्र त्याने धावत येऊन विचारलं होतं, "ताई, घरात कोणी आजारी आहे का?"

तू पंचेचाळिशीला आलीस. अंधेरीतल्या एका ऑफिसात हिशेब बघतेस. घरी नवरा, नववी संपवलेली लेक, सासूबाई. चार वर्षांपूर्वीपर्यंत तुला पोहताही येत नव्हतं. आणि आता गोव्यात २० ऑक्टोबरला होणाऱ्या शर्यतीसाठी तू नाव नोंदवून बसली आहेस. मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन ९० किलोमीटर सायकल चालवायची, ती जागेवर लावून २१.१ किलोमीटर धावायचं. तिन्ही अंतरं मैलांत मोजली तर बेरीज ७०.३ होते, म्हणून नाव आयर्नमॅन ७०.३. या नावाची शर्यत भारतात पहिल्यांदाच होते आहे.

अंतराची भीती तुला फारशी वाटत नाही. भीती घड्याळाची आहे. पोहणं एक तास दहा मिनिटांत संपलं पाहिजे. सुरुवातीपासून साडेपाच तासांच्या आत सायकल परत जागेवर आली पाहिजे. सगळं मिळून साडेआठ तास. त्याच्या पुढे एक मिनिटही नाही.

मालाडच्या लिंक रोडवर मेट्रोच्या कामाचे पत्रे उभे आहेत, रस्ता निम्मा उरलाय. तिकडे हायवेवरही तेच, तिथे दुसरी मेट्रो. म्हणून तू मार्वे रोड धरतेस. ऑर्लेमचं चर्च मागे पडतं, मालवणीत एका बेकरीतून पावाचा वास येतो, पुढे नौदलाच्या हमला तळाची लांबच लांब भिंत. तिथून पुढे दिवे विरळ होतात आणि हवेत खार चढतो. एरंगळच्या आसपास रस्ता जरा वरखाली होतो, तेवढाच तुझा घाट. मढच्या नाक्यावर एक कोळीण मासळीची पाटी पायाशी ठेवून टेम्पोची वाट बघत उभी असते. तिची आणि तुझी वेळ एकच.

"बाय, कुठं जातेस गं रोज रोज?"

"इथपर्यंतच, मावशी. परत फिरते."

ती हसते. तिच्या दिवसाला तुझ्याआधीच सुरुवात झालेली असते आणि तिला कोणी पदक देणार नसतं, हे तुझ्या मनात दर वेळी येतं.

वाटेत आक्सा लागतं. समुद्र हाकेच्या अंतरावर, तुला समुद्रात पोहायचा सराव हवा, तरी तू तिथे उतरत नाहीस. हे मी मुद्दाम सांगतो आहे. आक्साच्या पाण्याला जी ओढ आहे ती वरून दिसत नाही. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस पुढच्या पावलाला खड्ड्यात जातो आणि ओहोटी त्याला आत नेते. मालाडमध्ये वाढलेल्या प्रत्येकाला अशी एक तरी बातमी माहीत असते, आणि बहुतेकांना एक तरी नाव. म्हणून समुद्रासाठी तू मागच्या डिसेंबरात थेट मालवण गाठलंस. तिथे चिवला किनाऱ्यावर दर वर्षी समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात, आठ-नऊ वर्षांची पोरंसुद्धा मासोळीसारखी आत शिरतात. त्यांच्यात उभं राहून तू पहिल्यांदा पाण्यात तोंड घातलंस आणि तळ दिसेना तेव्हा घाबरून परत उभी राहिलीस. तलावात तळाशी एक काळी रेघ असते, तिच्यावर नजर ठेवून माणूस सरळ जातो. समुद्रात रेघ नाही. सहा हात मारायचे, मान वर काढायची, बोया शोधायचा, परत सहा हात. ते तुला एका आजोबांनी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून शिकवलं.

बाकी पोहणं कांदिवलीच्या पालिकेच्या तलावात, सकाळच्या बॅचला. शिट्टी वाजली की आत, शिट्टी वाजली की बाहेर. आठवड्यात दोन दिवस तलाव, दोन दिवस धावणं, मढची फेरी, आणि रविवारी दहिसर नाका ओलांडून फाउंटन हॉटेलपर्यंत आणि पुढे घोडबंदरच्या चढावर. सायकलवरून उतरल्या उतरल्या धावायचं, त्याला हे लोक 'ब्रिक' म्हणतात. नाव योग्यच आहे. दोन तास पाय गोल गोल फिरलेले असतात, मग जमिनीवर टेकवले की मांड्या आपल्या नसल्यासारख्या वाटतात. पहिला किलोमीटर विटा बांधून धावल्यासारखा. तुझा ब्रिक सोसायटीच्या गेटपासून लिबर्टी गार्डनपर्यंत आणि परत. दूधवाले, पेपरवाले, मग घरी येऊन पोळ्या.

वेळ येतो कुठून, असं ऑफिसात सगळे विचारतात. तो झोपेतून येतो, दुसरीकडून कुठून येणार? रात्री नऊनंतर तुझे डोळे मिटतात. लग्नाकार्यात तू जेवण उरकून पहिली निघतेस. सासूबाईंनी सुरुवातीला नाक मुरडलं. मग एके दिवशी तू तलावावरून आलीस तर ओट्यावर कणीक मळून झाकून ठेवलेली. त्या काही बोलल्या नाहीत, तूही नाही. त्या दिवसापासून तुझा अर्धा तास वाढला.

जुलै लागतो. १ तारखेच्या रात्री पाऊस असा कोसळतो की खिडकीबाहेरचं काही दिसत नाही. २ तारखेच्या पहाटे गजर वाजतो, तू तो बंद करतेस, आणि मग फोनवर कळतं की पूर्वेला कुरारच्या पिंपरीपाड्यात मालाड जलाशयाची संरक्षक भिंत झोपड्यांवर कोसळली. मध्यरात्री, माणसं झोपेत असताना. त्या दिवशी आकडा वाढतच राहतो. तुझ्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंची बहीण तिथेच राहते. ती वाचली, शेजारचं घर गेलं. तू नवऱ्याबरोबर चादरी आणि पातेली घेऊन जातेस. तुझ्या सरावाच्या वहीत त्या आठवड्याची पानं कोरी आहेत, आणि ती तशीच राहिलेली मला बरोबर वाटतात.

आता चल, २० ऑक्टोबर २०१९. मिरामार.

सूर्य अजून वर आलेला नाही. वाळूवर हजाराच्या आसपास माणसं, डोक्यावर एकसारख्या रबरी टोप्या. पाणी कोमट आहे. २४.५ अंशांच्या वर गेलं की हौशी गटात अंगभर रबरी सूट घातलेल्याला बक्षिसासाठी धरत नाहीत, आणि आपला अरबी समुद्र ऑक्टोबरात त्याच्या पुष्कळ वरच असतो. डाव्या घोट्याला वेळ मोजणारी चिप, दंडावर तुझा नंबर. पुण्याचे कौस्तुभ राडकर वर्षानुवर्षं परदेशात जाऊन या शर्यती करत आले. २०१५ च्या जुलैत मिलिंद सोमणने झुरिचला पूर्ण अंतराची आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पार केली, पन्नाशीला चार महिने उरलेले असताना, तेव्हा हा शब्द मराठी घरांत जेवणाच्या टेबलावर आला. तुझ्याही तो तेव्हाच कानावर पडला होता. आता तू त्या शब्दाच्या आत उभी आहेस.

पाण्यात शिरल्यावर कोणाची तरी टाच तुझ्या चष्म्यावर बसते. खारं पाणी नाकातून घशात. तू मालवणच्या आजोबांना आठवतेस: सहा हात, मान वर. एक तास चार मिनिटांनी तू वाळूवर येतेस आणि पाय डगमगतात. कपडे, हेल्मेट, बूट. सायकल.

साठ किलोमीटरपर्यंत सगळं हिशेबात आहे. पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर ठेवायचं, कोणाच्या आडोशाने वारा चुकवायचा नाही, हा नियम. म्हणजे वारा ज्याचा त्याने खायचा. दर वीस मिनिटांनी एक घोट मीठ-साखरेचं पाणी, दर तासाला खजूर आणि उकडलेला बटाटा. आणि मग मागच्या चाकातून तो आवाज येतो. फुस्स.

तू उतरतेस. हात थरथरतात. टायर रिममधून सुटत नाही. नवी ट्यूब घालतेस आणि घाईत पान्यासारखा तो प्लास्टिकचा लिव्हर ट्यूबलाच चिमटा काढतो. दुसरी ट्यूब. ती शेवटची. माणसं बाजूने जातात, कोणी ओरडून विचारतं, "सब ठीक?" चौदा मिनिटं जातात.

उरलेले तीस किलोमीटर तू कसे कापतेस ते तुलाही नंतर सांगता येत नाही. सायकलच्या जागेवर पोहोचतेस तेव्हा पाच तास चौतीस मिनिटं झालेली असतात. चार मिनिटं उशीर. गोव्याचीच एक कॉलेजातली मुलगी समोर येते, ती तुझ्या लेकीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. ती गुडघ्यावर बसते आणि म्हणते, "ताई, पाय पुढे करा." डाव्या घोट्याची पट्टी सोडते. चिप तिच्या हातातल्या डब्यात पडते, तिथे आधीच बऱ्याच चिपा आहेत. मुख्य शर्यत भारताच्याच बिश्वोरजित सायखोमने जिंकली, हे तुला दुसऱ्या दिवशी पेपरात कळतं.

रात्रीच्या बसने तू परत निघतेस. २१ ऑक्टोबर, सोमवार, विधानसभेचं मतदान. सकाळी हायवेवर पुष्पा पार्कला उतरतेस, घरी सायकल टाकतेस आणि तशीच शाळेत जाऊन रांगेत उभी राहतेस. खोली पहिल्या मजल्यावर आहे. जिना चढताना मांड्या ओरडतात, तू कठड्याला धरून एकेक पायरी. शाई लावणारा माणूस तुझ्या दंडावरचा आकडा बघतो.

"हे काय, मॅडम?"

"शर्यत होती काल."

"झाली पुरी?"

"नाही. वेळ संपली."

तो मान हलवतो, खरोखर वाईट वाटल्यासारखी, आणि तुझं बोट धरून त्यावर रेघ ओढतो. दंडावरचा आकडा घासला की जातो. बोटावरची रेघ दिवाळी होऊन गेली तरी राहते.

पुढच्या वर्षी परत जायचं, असं तू ठरवतेस. पुढचं वर्ष म्हणजे २०२०.

मार्चअखेर सगळं बंद. तलाव बंद, रस्ते बंद, लोकल बंद. मालाड म्हणजे पालिकेचा पी-उत्तर विभाग, आणि जूनमध्ये करोनाच्या बातम्यांत हे अक्षर रोज ऐकू येतं. तू खिडकीच्या ग्रिलला रबरी पट्टा बांधून हवेत पोहतेस. गच्चीवर फेऱ्या मारतेस, पाण्याच्या टाकीला वळसा घालून. सायकल हॉलमध्ये ट्रेनरवर चढवलेली, मागचं चाक एका रुळावर टेकलेलं, खाली चौघडी सतरंजी, म्हणजे खालच्यांना घरघर ऐकू जाऊ नये. दिवसभर त्या हॉलमध्ये लेकीची शाळा आणि नवऱ्याचं ऑफिस चालतं. तुला हॉल मिळतो रात्री दहानंतर.

चाक फिरतं, सायकल हलत नाही. समोर भिंतीवर घड्याळ आहे, साडेदहा. तू डोळे मिटतेस. इथे माझा हात धर, कारण आता लांब जायचं आहे.

मालाडला रात्रीचे साडेदहा वाजतात तेव्हा हवाई बेटांवर त्याच दिवसाची सकाळ असते, सात. १८ फेब्रुवारी १९७८, शनिवार. वायकिकीचा किनारा. तू वाळूत उभी आहेस आणि गर्दी शोधते आहेस. गर्दी नाही. पंधरा माणसं आहेत. ना मंडप, ना भोंगा, ना चिप. प्रत्येकाने आपापला मदतनीस आणलाय, पाणी आणि खाणं त्यानेच पुरवायचं. यांच्यात एक नौदलातला अधिकारी आहे, जॉन कॉलिन्स. वर्षभरापूर्वी एका बक्षीस समारंभात वाद पेटला होता: जास्त दमदार कोण, पोहणारा की धावणारा? कॉलिन्स म्हणाला, सायकलवाल्यांना विसरू नका. बेल्जियमच्या एडी मर्क्सचं शरीर सगळ्यांहून जास्त प्राणवायू वापरतं असं त्याने वाचलं होतं. मग वाद मिटवायला त्याने बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यती एका दिवसात जोडल्या. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल, ४२.२ किलोमीटर धावणं. बेटाला सायकलने पूर्ण वळसा ११५ मैलांचा होता. तीन मैल कापले, म्हणजे सायकल जिथे संपेल तिथून मॅरेथॉन सुरू होईल. आज जगभर ज्या ११२ मैलांना पवित्र मानतात, त्यांचा उगम हा असा.

बघ नीट त्यांच्याकडे. डेव्ह ऑरलॉव्स्की नावाचा एक सैनिक कापलेली जीनची चड्डी घालून, कोणाची तरी उसनी सायकल घेऊन आलाय. तुझी सायकल या पंधरांतल्या बहुतेकांच्या सायकलींहून चांगली आहे. यांच्यात धंदेवाईक खेळाडू एकही नाही, आणि मला हे तुला दाखवायचंच होतं. हा खेळ नोकरी सांभाळून पळणाऱ्यांनी काढला, आपल्यासाठी.

आणि हेही बघ की या पंधरांत एकही बाई नाही. पण फार थांबावं लागत नाही. पुढच्याच वर्षी, १९७९ च्या जानेवारीत, लिन लेमेअर येते आणि पुरुषांसकट सगळ्यांत पाचवी येते, १२ तास ५५ मिनिटांत. १९८२ च्या फेब्रुवारीत जुली मॉस नावाची विद्यार्थिनी सगळ्या बायकांच्या पुढे असताना शेवटच्या काही मीटरवर कोसळते, कॅथलीन मॅकार्टनी तिला ओलांडून जिंकते, आणि जुली रांगत रांगत २९ सेकंदांनी रेघेवर हात टेकवते. ते टीव्हीवर दिसलं आणि मग हा खेळ बेटापुरता राहिला नाही. लोकांनी जिंकणारीचं नाव विसरून रांगणारीचं लक्षात ठेवलं. मॅकार्टनीवर हा जरा अन्यायच आहे, असं मला वाटत आलंय.

पण आपण १९७८ मध्येच थांबू. दुपार उलटते. जॉन डनबार पुढे आहे, त्याच्या मदतनिसांजवळचं पाणी संपतं आणि ते त्याला बिअर पाजतात. गॉर्डन हॅलर त्याला धावताना मागून गाठतो आणि ११ तास ४६ मिनिटांत पहिला येतो. अंधार पडतो. तू मात्र थांब, कारण तुझ्या कामाचा माणूस अजून रस्त्यावर आहे. मध्यरात्र होते. मग अंधारातून, पाय ओढत, स्वतः जॉन कॉलिन्स येतो. नववा. वेळ: १७ तास, ० मिनिटं, ३८ सेकंद.

आज पूर्ण आयर्नमॅनला सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त १७ तास देतात. ज्याने हा खेळ काढला त्याला आजच्या नियमाने कोणीतरी गुडघ्यावर बसून म्हणालं असतं, पाय पुढे करा. अडतीस सेकंदांसाठी. त्याच्यामागून आणखी तिघं येतात. शेवटचा येतो तेव्हा २१ तास उलटून गेलेले असतात. म्हणजे पहाटेचे चार, तुझ्या जिना उतरायच्या वेळेला. आणि त्याचंही नाव यादीत आहे. बारावं.

परत फिरण्याआधी एक क्षण मालाडला उतरूया. तीच तारीख, तीच घटका, म्हणजे वायकिकीला ते पंधरा जण पाण्यात पाय घालत असताना. सोमवार बाजाराजवळची चाळ. रात्रीचे साडेदहा. तुझे वडील, अण्णा, रातपाळीला निघालेत, कांदिवलीच्या कारखान्यात. डबा कॅरिअरला लावलाय, पँटच्या डाव्या पायाला लोखंडी क्लिप. चार वर्षांची एक पोरगी अजून झोपलेली नाही, ती दांड्यावर बसल्याशिवाय त्यांना सोडणार नाही. अण्णा तिला उचलून दांड्यावर आडवी बसवतात, दांड्याला टॉवेल गुंडाळलेला. गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी, रोजची. अण्णा बोटाने डायनमो चाकावर टेकवतात. सायकल हळू असताना दिवा तांबूस, जोर लावला की पांढरा होतो. पोरगी ओरडते, "अजून, अण्णा, अजून पांढरा!" गल्लीच्या टोकाला ते वळतात, तिला आईच्या हातात देतात आणि घोडबंदर रोडच्या अंधारात तो दिवा लहान होत जातो.

डोळे उघड. हॉल, सतरंजी, घड्याळ. सव्वाअकरा.

दुसऱ्या दिवसापासून तू ट्यूब बदलायचा सराव करतेस. हा सराव कोणी मनावर घेत नाही, पोहणं-पळणं सगळे करतात. गॅलरीत वर्तमानपत्र पसरून, फोनवर घड्याळ लावून. अण्णा खुर्ची घेऊन बाजूला बसतात. टाळेबंदीत ते तुझ्याकडेच राहायला आलेत, वय शहात्तर. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने टायर सोडायला सुरुवात, हे त्यांनी सांगितलं. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून बघायचं, काच तिथेच रुतलेली असते, हेही. आणि मग जे तुला गोव्यात कळलं नव्हतं ते: ट्यूबमध्ये आधी थोडी हवा, तोंडाने फुंकल्याइतकी, म्हणजे ती गोल राहते आणि चिमटीत सापडत नाही. शेवटची वीतभर टायरची कड लिव्हर न लावता दोन्ही अंगठ्यांनी आत ढकलायची. "रेटायचं नाही. लोळवायचं," अण्णा म्हणतात आणि आपले वाकडे झालेले अंगठे हवेत लोळवून दाखवतात. चौदा मिनिटांची अकरा होतात, मग आठ. पावसाळ्याच्या शेवटी तू सहावर येतेस. तुझ्या अंगठ्यांना घट्टे पडतात, अण्णांच्या जागीच.

२०२० ची शर्यत होत नाही. २०२१ ची होत नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये लिंक रोडच्या डोक्यावरून पहिली मेट्रो धावते, डहाणूकरवाडीपासून दहिसरकडे. तलाव उघडतात तेव्हा पहिल्याच लांबीला तुझे खांदे भरून येतात. मढच्या नाक्यावरची कोळीण अजून उभी असते. ती लांबूनच हात करते. "होतीस कुठं गं, बाय?"

१३ नोव्हेंबर २०२२. परत मिरामार. परत डाव्या घोट्याला चिप.

पोहणं ५८ मिनिटं. सायकल पंक्चर होत नाही. दोन वर्षं अंगठे झिजवलेस आणि ट्यूब पिशवीतून बाहेर काढावीच लागली नाही. पाच तास सहा मिनिटांनी तू सायकल जागेवर लावतेस, आणि ती रेघ ओलांडताना कोणी पुढे येऊन बसेल म्हणून नकळत खाली बघतेस. कोणी नाही. धावणं मात्र वाईट जातं. बाराव्या किलोमीटरला पोटात गोळा येतो, तू चालतेस. एक म्हातारे गृहस्थ घराच्या फाटकातून रबरी नळीने येणाऱ्या-जाणाऱ्यावर पाणी उडवत उभे आहेत, तू त्यांच्यासमोर पुरतं अर्धं मिनिट उभी राहतेस. पुढचा किलोमीटर धावतेस, त्याच्या पुढचा चालतेस. आठ तास एकोणीस मिनिटं.

मंगळवारी संध्याकाळी सायकल घरी येते, खोक्यातून. तू ती जोडतेस, चाकं बसवतेस, हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवतेस. पदक सासूबाईंनी देवघरातल्या खुंटीला अडकवलंय. अण्णा काठी टेकत येतात. पदकाकडे बघत नाहीत. सायकलपाशी उभे राहतात, सीटवर हात ठेवतात, मागचं चाक जरा उचलून फिरवतात आणि कान देऊन ऐकतात. मग पुढून मागून नजर फिरवतात.

"एवढी महागाची," ते म्हणतात, "आणि हिला दिवा नाही?"

"शर्यत दिवसाची असते, अण्णा."

"पण तू तर अंधारात जातेस."

बुधवारी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी तू जिना उतरतेस. हँडलला अण्णांनी रात्री सुतळीने बांधलेली स्वयंपाकघरातली बॅटरी आहे. मार्वे रोडवर ती खड्ड्यागणिक खाली झुकते, तू दर वेळी हाताने वर करतेस.